बॅकअप आहे, पण तो कधी उघडून पाहिलाय? कंपनीच्या 'डिरेक्टरी सर्व्हर'ची रंगीत तालीम का गरजेची असते?

२७ जून २०१७, मंगळवार. उरण तालुक्यातल्या न्हावा-शेवा इथलं जवाहरलाल नेहरू बंदर. देशातल्या तेव्हाच्या या सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरातल्या एका टर्मिनलचे कॉम्प्युटर अचानक बंद पडले. कोणता कंटेनर कुठे ठेवलाय, कोणत्या ट्रकवर चढवायचाय, कोणत्या जहाजात जायचाय, हे सांगणारी यंत्रणाच गप्प झाली. क्रेन जागच्या जागी होत्या, माणसंही हजर होती, पण काम हातानं करायची वेळ आली.

दुसऱ्या दिवशी केंद्रीय जहाजबांधणी मंत्रालयाला निवेदन काढावं लागलं. टर्मिनलकडे आधीच निघालेल्या मालासाठी बंदरानं पार्किंगची वेगळी सोय केली. खारघरहून गाडीनं तासाभराच्या आत पोहोचता येईल अशा ठिकाणी हे सगळं चाललं होतं. कळंबोली आणि पळस्पे परिसरात रोज दिसणारे कंटेनर याच बंदरात ये-जा करतात.

टर्मिनलचं नाव 'गेटवे टर्मिनल्स इंडिया'. ते चालवणारी 'एपीएम टर्मिनल्स' ही डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहातली. त्या दिवशी मर्स्कचं जगभरातलं नेटवर्क एकाच वेळी आडवं झालं होतं.

कंपनीकडे बॅकअप नव्हते का? होते. मग अडलं कुठे? जिच्याशिवाय बाकीचं काहीच नीट सुरू करता येत नाही, अशा एका गोष्टीचा बॅकअप सापडत नव्हता. ती गोष्ट म्हणजे डिरेक्टरी सर्व्हर.

डिरेक्टरी सर्व्हर म्हणजे नेमकं काय?

खारघरमधल्या कुठल्याही मोठ्या हाउसिंग सोसायटीचं गेट डोळ्यांसमोर आणा. वॉचमनकडे रजिस्टर असतं. कोणत्या फ्लॅटमध्ये कोण राहतं, कोणती गाडी कोणाची, घरकामाला येणाऱ्या मावशींना कोणत्या विंगमध्ये सोडायचं, क्लब हाउसची किल्ली कोणाला द्यायची, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं.

कंपनीच्या नेटवर्कमध्ये हेच काम डिरेक्टरी सर्व्हर करतो. कर्मचारी कोण, त्याचा पासवर्ड बरोबर आहे का, त्याला पगाराची फाइल उघडता येईल की फक्त प्रिंटर वापरता येईल, हे तो ठरवतो. बहुतेक कंपन्या यासाठी मायक्रोसॉफ्टची 'ॲक्टिव्ह डिरेक्टरी' वापरतात. ती २००० साली विंडोज २००० सोबत आली. ज्या सर्व्हरवर ती चालते त्याला 'डोमेन कंट्रोलर' म्हणतात.

सकाळी ऑफिसात लॅपटॉप उघडून एकदा पासवर्ड टाकला की मेल, फाइल, प्रिंटर यांच्यासाठी पुन्हा पुन्हा तो टाकावा लागत नाही. कारण डोमेन कंट्रोलर तुम्हाला एक डिजिटल पास देतो. या पद्धतीचं नाव 'कर्बेरॉस'. नेहमीच्या सेटिंगमध्ये हा पास दहा तास चालतो. त्यामुळे डिरेक्टरी बंद पडली तरी सगळं त्याच क्षणी थांबत नाही. ज्यांच्याकडे पास आहे त्यांचं काही काळ चालतं, नव्यानं येणारे दारातच अडकतात. सुरुवातीला 'माझं तर चालतंय' असं निम्मं ऑफिस म्हणतं, ते यामुळेच.

मर्स्कचं काय चुकलं?

त्या दिवशी पसरलेल्या घातक प्रोग्रॅमचं नाव 'नॉटपेट्या'. युक्रेनमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या 'एम.ई.डॉक' या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो सोडला गेला. वरवर तो खंडणी मागणारा होता, प्रत्यक्षात डिस्कवरची माहिती कायमची निकामी करणारा. अमेरिका आणि ब्रिटननं फेब्रुवारी २०१८ मध्ये यामागे रशियन लष्कर असल्याचं जाहीर केलं. मर्स्कबरोबरच मर्क, फेडेक्सची टीएनटी आणि मॉन्डेलीझ यांसारख्या कंपन्यांनाही फटका बसला.

मर्स्ककडे जगभरात सुमारे १५० डोमेन कंट्रोलर होते. हे सर्व्हर आपसांत सतत माहितीची देवाणघेवाण करत असत, म्हणजे प्रत्येकाकडे तेच रजिस्टर. एक बिघडला तर दुसरा आहेच, असा हिशेब होता. आग, पूर किंवा हार्डवेअरचा बिघाड अशा संकटांसाठी तो हिशेब बरोबरही होता. सगळेच्या सगळे एकाच वेळी जातील, ही शक्यता मात्र त्यात धरलेली नव्हती. नॉटपेट्यानं नेमकं तेच केलं.

इंग्लंडमधल्या मेडनहेड इथं कंपनीनं पुनर्बांधणीचं केंद्र उभारलं. इतर सर्व्हरचे तीन ते सात दिवसांपूर्वीचे बॅकअप तिथे मिळाले. डोमेन कंट्रोलरचा एकही मिळेना.

अखेर एक डोमेन कंट्रोलर सापडला, आफ्रिकेतल्या घानाच्या कार्यालयात. हल्ल्याच्या आधीच तिथली वीज गेली होती, म्हणून तो नेटवर्कपासून तुटलेला होता आणि वाचला. पण तिथली इंटरनेट लाइन इतकी मंद होती की शेकडो गिगाबाइटची माहिती इंग्लंडला पाठवायला कित्येक दिवस लागले असते. तिथल्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसाही नव्हता. मग घानातला एक कर्मचारी विमानानं नायजेरियात गेला. तिथल्या विमानतळावर त्यानं हार्ड डिस्क दुसऱ्या सहकाऱ्याच्या हातात दिली आणि तो ती घेऊन लंडनला गेला.

जगातल्या कंटेनर वाहतुकीचा जवळजवळ पाचवा हिस्सा सांभाळणाऱ्या कंपनीची सारी मदार त्या क्षणी एका हार्ड डिस्कवर होती. पुढच्या दहा दिवसांत कंपनीनं ४,००० सर्व्हर, ४५,००० कॉम्प्युटर आणि २,५०० ॲप्लिकेशन नव्यानं बसवली. कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष जिम हागेमान स्नाबे यांनीच जानेवारी २०१८ मध्ये दावोसच्या व्यासपीठावर हे आकडे सांगितले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेलं.

कॉपी वेगळी, बॅकअप वेगळा

एकाच रजिस्टरच्या दहा प्रती दहा गेटवर आहेत आणि एकीत लिहिलं की बाकी नऊमध्ये आपोआप उमटतं, अशी कल्पना करा. सोय मोठी आहे. पण कोणी चुकून एका प्रतीत अख्ख्या 'बी' विंगवर काट मारली, तर तीही नऊ ठिकाणी उमटणार. कॉम्प्युटरच्या भाषेत याला 'रेप्लिकेशन' म्हणतात.

बॅकअप म्हणजे ठरावीक दिवशी काढून वेगळ्या कपाटात ठेवलेली प्रत. नंतर झालेल्या चुकीचा किंवा हल्ल्याचा तिच्यावर परिणाम होत नाही. मात्र ते कपाट खरोखर वेगळं हवं. बॅकअप ठेवलेली मशीनही त्याच नेटवर्कवर, त्याच ॲडमिन पासवर्डनं उघडणारी असेल, तर हल्लेखोर तिथेही पोहोचतो. म्हणून निदान एक प्रत नेटवर्कपासून तोडलेली ठेवायचा सल्ला दिला जातो. घानात हे काम वीज गेल्यामुळे झालं. ते नशिबावर सोडून चालत नाही.

डिरेक्टरीच्या बॅकअपला वयाची मर्यादाही असते. कोणाचं खातं काढून टाकलं की 'हे खातं काढलंय' अशी नोंद ॲक्टिव्ह डिरेक्टरी काही काळ जपते, म्हणजे बाकीच्या सर्व्हरनाही ते कळतं. आजच्या विंडोज सर्व्हरमध्ये ही मुदत साधारण १८० दिवस असते. त्याहून जुना बॅकअप परत लावला, तर नोकरी सोडून गेलेल्यांची खाती पुन्हा जिवंत होऊन गोंधळ उडू शकतो. दोन वर्षांपूर्वीची सीडी कपाटात जपून ठेवली असली तरी तिचा उपयोग नाही.

रंगीत तालीम कशी करतात?

बॅकअप चालेल की नाही, हे तो परत लावून पाहिल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी जी तालीम करतात तिला 'डीआर ड्रिल' म्हणतात. डीआर म्हणजे डिझास्टर रिकव्हरी, आपत्तीनंतर यंत्रणा पुन्हा उभी करणं. डिरेक्टरीच्या बाबतीत तिचे टप्पे साधारण असे असतात.

१. बंद खोली तयार करणं. तालीम चालू नेटवर्कवर करत नाहीत. बॅकअपमधून उभा केलेला जुना सर्व्हर चालू सर्व्हरशी बोलायला लागला, तर जुनी माहिती नव्यात मिसळण्याचा धोका असतो. म्हणून बाहेर जाणारी एकही वायर नसलेलं वेगळं नेटवर्क लागतं.

२. पहिला सर्व्हर उभा करणं. सगळे सर्व्हर परत आणत बसायचं नसतं. प्रत्येक डोमेनमागे एकच, सर्वांत खात्रीचा बॅकअप निवडतात. त्यासाठी डिरेक्टरी दुरुस्तीचा एक खास पासवर्ड लागतो. तो रोजच्या ॲडमिन पासवर्डपेक्षा वेगळा असतो आणि सर्व्हर बसवताना एकदाच टाकलेला असतो. तो टाकणारा माणूस कधीच कंपनी सोडून गेलेला असू शकतो. अनेक तालमी इथेच अडकतात.

३. हरवलेल्यांची नावं खोडणं. उभा राहिलेला सर्व्हर बाकीच्या भावंडांना शोधत बसतो. ती आता नाहीत, हे त्याला सांगावं लागतं. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत पाच खास जबाबदाऱ्या ठरावीक सर्व्हरकडे असतात, त्या या एकट्याकडे द्याव्या लागतात. नव्या खात्यांना मिळणारे क्रमांक बरेच पुढे न्यावे लागतात, नाहीतर एकच क्रमांक दोघांना जाण्याची भीती असते.

४. कुलपं बदलणं. संकट हल्ल्यामुळे आलेलं असेल, तर जुन्या किल्ल्या चोराकडे असणार असं धरूनच चालायचं. डिजिटल पासवर शिक्का मारणारं एक अंतर्गत खातं असतं, 'केआरबीटीजीटी'. डिरेक्टरी त्याचे शेवटचे दोन पासवर्ड लक्षात ठेवते, म्हणून ते एकदा बदलून भागत नाही, दोनदा बदलावे लागतात.

५. खरंच चालतंय का, हे पाहणं. सर्व्हर सुरू झाला म्हणजे तालीम संपली असं नाही. एखादा साधा कर्मचारी लॉगिन करू शकतो का? त्याला त्याची फाइल मिळते का? हिशेबाचं सॉफ्टवेअर त्याला ओळखतं का? इथे घड्याळही दगा देतं. सर्व्हर आणि कॉम्प्युटरच्या वेळेत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक असेल, तर नेहमीच्या सेटिंगमध्ये कर्बेरॉस पास नाकारतो. पासवर्ड बरोबर, माणूस बरोबर, तरी दार बंद.

६. वेळ मोजणं आणि आवरणं. पहिल्या मिनिटापासून स्टॉपवॉच लावतात. यंत्रणा किती वेळात उभी राहिली आणि किती तासांची माहिती गेली, हे दोन आकडे मिळवायचे असतात. कागदावर 'चार तास' लिहिलेलं असतं, पण पहिल्या तालमीत दोन दिवस गेले तर खरा आकडा दोन दिवस. शेवटी ती बंद खोली पुसून टाकायची असते, कारण तिथे कंपनीतल्या प्रत्येकाच्या पासवर्डची गुप्त नोंद उघड्यावर पडलेली असते.

किल्ली कपाटात, कपाट कुलूपबंद

सर्वांत जास्त अडचणी तंत्रज्ञानाच्या नसतात. एक गोष्ट दुसरीवर अवलंबून असते आणि दुसरी पहिलीवर, असा पेच असतो.

डिरेक्टरी परत लावायला बॅकअप सॉफ्टवेअर हवं, पण त्याचं लॉगिन डिरेक्टरीवरूनच होतं. दुरुस्तीचा पासवर्ड डिजिटल तिजोरीत आहे, पण तिजोरी उघडायला डिरेक्टरी लागते. कोणाला फोन करायचा याची यादी कंपनीच्या सर्व्हरवर आहे आणि तो बंद आहे. सर्व्हर रूमचं दार कार्डानं उघडतं, कार्डाची यंत्रणा त्याच नेटवर्कवर आहे.

४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र अनेकांना आठवत असेल. भारतात रात्री नऊच्या सुमारास व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम एकदम बंद पडले आणि सुमारे सहा तास बंद राहिले. तो बिघाड डिरेक्टरीचा नव्हता. देखभालीच्या कामात दिलेल्या एका चुकीच्या आदेशामुळे कंपनीची जगभरातली डेटा सेंटर एकमेकांपासून तुटली होती. पण पेच याच जातीचा होता. दुरुस्तीसाठी वापरायची साधनं त्याच नेटवर्कवर होती. इंजिनिअरना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावं लागलं आणि तिथल्या कडक सुरक्षेमुळे आत शिरून काम सुरू करायलाही वेळ लागला. कंपनीनं नंतर सांगितलं की, मोठ्या बिघाडांच्या तालमी ती नियमित करायची, पण अख्खं मुख्य नेटवर्क बंद पडल्याची तालीम कधीच केली नव्हती.

खारघरच्या विजेचा धडा

असाच प्रकार घराजवळही घडलेला आहे. १२ ऑक्टोबर २०२०, सोमवार, सकाळी दहाच्या सुमारास मुंबई महानगर परिसराची वीज गेली. लोकल थांबल्या, घरून काम करणाऱ्यांचं इंटरनेट गेलं, मुंबई विद्यापीठाच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. एकापाठोपाठ एक उच्चदाब वाहिन्या बंद पडत गेल्या, त्यात खारघरला वीज आणणारी ४०० केव्ही वाहिनीही होती.

बाहेरचं ग्रिड कोसळलं तर मुंबईला त्यापासून वेगळं काढून शहरातल्या विजेवर चालू ठेवणारी 'आयलँडिंग' नावाची यंत्रणा कित्येक दशकांपासून आहे. पूर्वी तिनं शहराला वाचवलंही होतं. त्या दिवशी मात्र ती शहराला सावरू शकली नाही. पर्यायी व्यवस्था कागदावर असणं आणि ती आजच्या परिस्थितीत चालणं, यात किती अंतर असू शकतं, हे लाखो लोकांनी पंख्याखाली घाम पुसत अनुभवलं.

नियम काय सांगतात?

भारतात बँका आणि शेअर बाजारांसाठी अशा तालमी ऐच्छिक नाहीत. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार बँकांना महत्त्वाच्या यंत्रणांची डीआर ड्रिल किमान दर सहा महिन्यांनी करावी लागते. नुसतं बटण दाबून 'झालं' म्हणता येत नाही. पर्यायी ठिकाणावरून किमान एक पूर्ण कामाचा दिवस, सकाळच्या सुरुवातीपासून रात्रीच्या हिशेबापर्यंत, व्यवहार चालवून दाखवावा लागतो.

शेअर बाजारात पैसे गुंतवणाऱ्यांनी २ मार्च आणि १८ मे २०२४ या दोन शनिवारी बाजार थोडा वेळ सुरू असल्याचं पाहिलं असेल. सुट्टीच्या दिवशी बाजार कशाला, असा प्रश्न तेव्हा सोशल मीडियावर अनेकांनी विचारला. उत्तर हेच होतं. पहिलं सत्र नेहमीच्या ठिकाणावरून आणि दुसरं पर्यायी ठिकाणावरून, खऱ्या पैशांनिशी. याआधी २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार जवळपास चार तास ठप्प झाले होते आणि पर्यायी ठिकाण असूनही तिकडे जाता आलं नव्हतं.

इतर कंपन्यांवर अशा तालमीची सक्ती बहुधा नसते. पण सायबर हल्ला झालाच, तर 'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार तो लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावा लागतो. मेलच बंद असेल तर कळवायचं कोणत्या मार्गानं, हेही आधी ठरवून ठेवलेलं बरं.

छोट्या ऑफिसनं काय करावं?

खारघर, बेलापूर, महापे परिसरात वीस-पंचवीस माणसांची कितीतरी ऑफिसं आहेत. तिथे स्वतंत्र आयटी विभाग नसतो, बाहेरचा एखादा माणूस येऊन बघतो. अशा ठिकाणी मोठी तालीम जमली नाही, तरी काही गोष्टी जवळजवळ फुकट होतात.

• डिरेक्टरीचा बॅकअप खरंच घेतला जातोय का, हे विचारा. फाइल सर्व्हरचा बॅकअप म्हणजे डिरेक्टरीचा बॅकअप नव्हे.

• निदान एक प्रत नेटवर्कपासून तोडून ठेवा आणि ती किती जुनी आहे ते दर महिन्याला पाहा.

• दुरुस्तीचा पासवर्ड, महत्त्वाचे फोन नंबर आणि कामाचा क्रम कागदावर लिहून बंद पाकिटात, कुलपात ठेवा. पासवर्ड बदलला की पाकीटही बदला.

• वर्षातून एकदा एखाद्या शनिवारी तो बॅकअप वेगळ्या, नेटवर्कला न जोडलेल्या मशीनवर उभा करून पाहा. सगळं बसवणाऱ्या माणसाला त्या दिवशी मुद्दाम बाजूला बसवा आणि दुसऱ्याला कागद वाचून काम करू द्या. कागदात काय राहून गेलंय, ते लगेच दिसतं.

• तालीम फसली तर कोणाला ओरडू नका. शनिवारी सापडलेली चूक सोमवारी भोवत नाही. ओरडा मिळणार असेल, तर पुढच्या वेळी अहवालात सगळं ठीकच लिहून येईल.

कर्मचारी म्हणूनही एक प्रश्न विचारता येतो, आणि तो विचारायला कॉम्प्युटरचं शिक्षण लागत नाही: 'आपला बॅकअप शेवटचा कधी परत लावून पाहिला होता?' उत्तरात तारीख आली तर चांगलं. 'बॅकअप रोज होतो' एवढंच उत्तर आलं, तर प्रश्न पुन्हा विचारायला हरकत नाही.